दोन वर्षांच्या आतल्या मुलांचे शब्द मोजायचे कसे?

चिमणपाखरू:
मुलगी २२ महिन्यांची आहे. तपासणीला गेलं की पहिला प्रश्न, किती शब्द बोलते? आणि मी दरवेळी वेगळाच आकडा सांगते कारण काय धरायचं तेच कळत नाही. कुत्र्याला भू म्हणते तो शब्द धरायचा का? घरात दोन भाषा आहेत, एकाच वस्तूला दोन्हीकडचे शब्द म्हणते, ते एक की दोन? समजतं तर भरपूर, ते कुठे धरायचं?

वाचाउपचार:
भू नक्की धरा. स्वतःहून, त्याच गोष्टीसाठी, दरवेळी तोच आवाज काढते ना, मग तो शब्दच, उच्चार कसाही असो. फक्त तुमच्यामागून म्हटलेलं धरू नका. समजणारे शब्द वेगळे लिहा, या वयात ते बोलण्यापेक्षा बरेच जास्त असतात. आणि प्लीज मनाने आकडा सांगू नका, आठवून सांगताना खूप शब्द राहून जातात. मॅकआर्थर-बेट्सची यादी असते, १६ ते ३० महिन्यांच्या इंग्रजी फॉर्ममध्ये ६८० शब्द आहेत, पालकांनी नुसतं टिक करत जायचं, समोर शब्द दिसला की "अरे हे तर म्हणते की" असं होतं. पण ती यादी घरी भाषांतर करून तिच्याच तक्त्याशी (कोणत्या वयात साधारण किती शब्द, त्याचा तक्ता) तुलना करू नका, प्रत्येक भाषेची यादी आणि तक्ते वेगळे बनवावे लागतात.

दोनभाषी_बाबा:
दोन भाषांबद्दल मला फार कळकळीने सांगायचंय. एकाच भाषेतले शब्द मोजून मूल मागे आहे म्हणणं हा त्या मुलावर अन्याय आहे. दोन्हीकडचे सगळे मिळून किती आणि वेगवेगळ्या किती गोष्टींना नाव आहे, हे दोन्ही आकडे काढा. तुमच्या उदाहरणात पहिल्यात दोन, दुसऱ्यात एक.

शब्दवेडी:
चित्रांची टेस्ट पण असते ना, पीबॉडी, १९५९ पासूनची, चार चित्रं दाखवून शब्द सांगतात आणि मूल बोट दाखवतं?

वाचाउपचार:
हो, पण ती अडीच वर्षांपुढे, आणि त्यात फक्त समज कळते. परक्या माणसासमोर मूल लाजलं की गुण कमी येतात, म्हणून एवढ्या लहान वयात मी आईबाबांच्या यादीलाच जास्त महत्त्व देते.

चिमणपाखरू:
खूप मदत झाली. काळजी कधी करायची?

वाचाउपचार:
२४ महिन्यांना ५० पेक्षा कमी शब्द किंवा दोन शब्द जोडतच नसेल तर दाखवून घ्या, आणि आधी कानांची तपासणी करा. अशी बरीच मुलं पुढे बरोबरीला येतात, पण समजही कमी वाटत असेल, बोट दाखवून काही मागत नसेल तर २४ महिन्यांची वाट बघू नका, आत्ताच जा.