मदत हवी आहे : शिबिर बारा दिवसांवर आलंय आणि मुलं गळतायत

मुक्तछंदी_ठाणे
लांबलचक लिहायला वेळ नाहीये, थेट विचारते. शिबिर बारा दिवसांवर आलंय. ५० नावं होती, आज सकाळपर्यंत २१ गळाली. त्यातल्या निम्म्यांनी स्वतःहून कळवलंही नाही, मीच फोन करकरून काढून घेतलं. ग्रुपवर मेसेज टाकला की सगळ्यांच्या निळ्या टिक दिसतात, उत्तर एकाचंही नाही. जेवण, टेंपो सगळं ५० च्या हिशोबाने ठरलंय. सर म्हणतात, तू बघ. मी काय बघू? कोणी असं निभावलं असेल तर प्लीज लवकर सांगा, उद्या सरांना आकडा द्यायचाय.

खारेगाव_कट्टा
कसलं शिबिर? ट्रेकिंगचं, रक्तदानाचं की संस्कार शिबिर? कुठे आहे? मुलं म्हणजे शाळेतली का?

कळवेकर_मामा
५० म्हणतेय म्हणजे एनएसएसचं, कॉलेजातल्या राष्ट्रीय सेवा योजनेचं, सात दिवसांचं निवासी शिबिर असणार. एका युनिटला १०० स्वयंसेवक, शिबिराला त्यातले निम्मे. बरोबर ना गं? मी १९९१ ते ९३ होतो एनएसएसमध्ये. आम्ही मुरबाडकडच्या एका गावात शाळेच्या वर्गात सतरंज्या टाकून झोपायचो. पहाटे साडेपाचला प्रभातफेरी, मग श्रमदान, दुपारी बौद्धिक, रात्री शेकोटी. घरी फोन नव्हता, शिबिर संपेपर्यंत आईला पत्ता नाही. आजही त्यातले नऊजण दर दिवाळीला भेटतो.

मुक्तछंदी_ठाणे
हो मामा, एनएसएसच. दुसरं काय असणार. शहापूर तालुक्यात एका पाड्यावर आहे, बंधारा बांधायचाय. पण प्रश्न मुलांचा आहे.

नियमावली
आधी गळतीचं कारण बघा. मुलं सेवेच्या तासांसाठी येतात. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० आणि एक शिबिर, की प्रमाणपत्र. वर मुंबई विद्यापीठाचे १० गुण. आता नव्या शैक्षणिक धोरणात एनएसएसची क्रेडिट्सही मिळतात. हे सगळं बंद करा, मग जी दहा मुलं उरतील ती खरी.

ऐरोलीची_आर्या
नियमावली, हे मला अजिबात पटत नाही. मी त्या १० मार्कांसाठीच नाव घातलं होतं, स्पष्ट सांगते. पहिल्या वर्षी विसर्जनाला मासुंदा तलावाजवळ निर्माल्य गोळा करायला उभं केलं. रात्री अकरापर्यंत हारातले दोरे, प्लास्टिक, थर्माकोल वेगळं काढत होतो, हात फुलांच्या रसाने काळे झालेले. एक आजोबा निर्माल्याची पिशवी सरळ पाण्यात टाकायला निघाले होते. मी हात पुढे केला तर आधी चिडले, मग पिशवी हातात दिली आणि म्हणाले, "पोरी, नीट ठेव, देवाचं आहे." त्यानंतर मी मार्क विसरले. आत कोण कशासाठी आला हे विचारू नका, आल्यावर त्याला काम द्या.

नियमावली
तुमच्यासारखी शंभरात एक. बाकीची सही करून सटकतात, त्यांच्या वाटचं काम उरलेल्यांवर पडतं. मी चार वर्षं हजेरीवही सांभाळली आहे, मला ती वाचून पाठ आहे.

खारेगाव_कट्टा
धागाकर्तीला उत्तर द्या आधी. ताई, मुलं टेंपोत नेणार आहात का? तसं असेल तर मुळीच नेऊ नका, धोक्याचं आहे.

मुक्तछंदी_ठाणे
टेंपोत सामान जाणार. घमेली, फावडी, किराणा, सतरंज्या. मुलं कसारा लोकलने आसनगावला उतरणार आणि पुढे एसटी.

रेल्वेप्रेमी_डोंबिवली
पाडा तानसा तलावाच्या बाजूला असेल तर आटगावला उतरा, आसनगावहून उगाच वळसा पडेल. आणि सकाळी लवकरची लोकल पकडा, नंतर डब्यात सामान ठेवायला जागा राहत नाही. कसारा लोकलच्या फेऱ्या वाढवायला हव्यात याबद्दल मी वेगळा धागा काढलाय, जरूर वाचा.

माजी_सचिव
मुक्तछंदी, संस्था रीतसर नोंदवून घ्या. १८६० च्या कायद्याखाली सात सभासद लागतात, घटना लिहावी लागते, मग धर्मादाय आयुक्तांकडे अर्ज. एकदा नोंदणी झाली की देणग्या घेता येतात.

ऐरोलीची_आर्या
काका, तिची संस्था नाहीये, कॉलेजचं युनिट आहे. मुक्तछंदी, ती २१ जणं का गळाली? प्रत्येकाचं कारण लिहून काढलंस का? आणि त्यात मुली किती?

मुक्तछंदी_ठाणे
मुली १३. आठजणी म्हणतात घरून रात्री राहायला परवानगी नाही. बाकी बहुतेकांना इंटर्नलची भीती आहे, शिबिराच्या पाचव्या आणि सहाव्या दिवशी चाचण्या लागल्यात. दोघांना पार्टटाइम नोकरीवरून सुट्टी नाही. एकाने सांगितलं की त्याचे तास पूर्ण झालेत.

कळवेकर_मामा
अगं मग हे आधी सांगायचंस! चाचण्या लागल्यात म्हणजे ही चूक मुलांची नाहीच. सरांनी प्राचार्यांना लेखी द्यायला हवं की शिबिराला जाणाऱ्यांच्या चाचण्या नंतर घ्या. तोंडी नको, लेखी. पोच घ्या.

मुक्तछंदी_ठाणे
सर तासिका तत्त्वावर आहेत, यंदाच आलेत. प्राचार्यांसमोर जायला कचरतात. मीच अर्ज लिहू का?

शिक्षिका_वाशी
मी सहा वर्षं एनएसएसची कार्यक्रम अधिकारी होते, म्हणजे तुझ्या सरांच्या जागी, म्हणून लिहिते. अर्ज तू लिही, सही सरांची घे आणि त्यांच्यासोबत तूही जा. तासिकेवरच्या माणसाला पुढच्या वर्षाची शाश्वती नसते, त्यामुळे त्यांचं कचरणं समजून घे. त्यांच्याशी भांडू नकोस, ते शेवटी सात रात्री तुमच्यासोबत झोपणार आहेत.

मुलींचं वेगळं आहे. "परवानगी नाही" हे उत्तर मुलीचं असतं, आईवडिलांना खरं तर कोणी नीट सांगितलेलंच नसतं. सोबत शिक्षिका कोण आहेत, मुली कुठल्या खोलीत झोपणार, संडास-न्हाणीघर कुठे आहे, रात्री दुखलंखुपलं तर गाडी कोणाची, एवढं एका कागदावर लिही. मग फोन करू नकोस, घरी जा. मी एकदा कोपरखैरण्यात एका मुलीच्या घरी गेले होते. वडील रिक्षा चालवायचे. त्यांनी मला एकच विचारलं, "मॅडम, तुम्ही स्वतः राहणार का?" मी हो म्हटल्यावर त्यांनी संमतीपत्रावर सही केली. शिबिर संपलं त्या दिवशी मुलीला घ्यायला ते रिक्षा घेऊन स्टेशनवर आले आणि आणखी चौघींना घरी सोडून आले.

नियमावली
घरोघरी फिरायचं कामही विद्यार्थ्यांनीच करायचं? बारा दिवसांत? ती शिकायला कॉलेजात जाते की नाही?

शिक्षिका_वाशी
आठ घरं आहेत, दोन संध्याकाळी होतात. आणि हो, ते कोणीतरी करावंच लागतं.

खारेगाव_कट्टा
जेवणाचं काय ठरलंय? आगाऊ पैसे दिलेत का? कोणी दिले?

मुक्तछंदी_ठाणे
टेंपोला ४,००० आणि आचाऱ्याला ५,००० दिले. अनुदान आलेलं नाही. पैसे आईकडून घेतले.

कळवेकर_मामा
हे मात्र चूक केलंस बाळा. आईचे पैसे अडकवायचे नसतात. उद्याच्या उद्या दोन्ही पावत्या सरांमार्फत ऑफिसात जमा कर आणि अग्रिम माग. पावती नसेल तर आज जाऊन आण, कच्ची चालेल पण सही-तारीख हवी.

ऐरोलीची_आर्या
आणि टेंपोचं भाडं ३० जणांना तेवढंच आणि ५० जणांनाही तेवढंच, त्याची काळजी सोड. आचाऱ्याला आजच फोन कर, तो माणशी धरतो. किराणा भरायच्या आत सांगितलंस तर तो आकडा बदलून देईल.

मुक्तछंदी_ठाणे
थँक्यू सगळ्यांना. आता जरा शांतपणे लिहिते.

मी गेल्या वर्षीही या शिबिराला होते, म्हणून इतकी घायकुतीला आले. त्याच पाड्यावर गेलो होतो. भातसा आणि तानसा ही धरणं याच तालुक्यात, तिथून मुंबईला पाणी जातं आणि या पाड्यावर उन्हाळ्यात टँकर येतो. आम्ही ओहोळावर पोत्यांचा बंधारा घातला. पोतं पूर्ण भरायचं नाही, दोन तृतीयांशच, म्हणजे ते नीट बसतं. तोंड दाभणाने सुतळी ओवून शिवायचं आणि वीट रचतात तशी सांध्यावर पोतं येईल अशी रांग लावायची, दोन रांगांच्या मध्ये माती दाबायची. पहिल्या दिवशी माझ्या बोटात दाभण घुसलं. तिथल्या एका आजीने हळद आणून चेपली आणि स्वतः बसून आठ पोती शिवली, मला म्हणाली, "टाका लांब घालू नको, माती गळते."

पाचव्या दिवशी सकाळी उठून पाहिलं तर गुडघाभर पाणी साठलं होतं. बायका आमच्या आधी तिथे पोचल्या होत्या, धुणं घेऊन. आम्हाला कोणी काही म्हणालं नाही, नुसत्या सरकून जागा दिली. त्या आजीला मी सांगून आलेय की यंदा वरच्या अंगाला दुसरा घालू. डिसेंबरनंतर ओहोळाची धार बारीक होते, मग बांधून उपयोग नाही. म्हणून पुढे ढकलता येत नाहीये.

नियमावली
हे आधी लिहिलं असतं तर मी मार्कांवरून वाद घातला नसता. एका बंधाऱ्याला २५ माणसं पुरतात, मी करवून घेतलंय. फक्त जागा अरुंद आणि काठ उंच असलेली निवडा आणि ग्रामपंचायतीचं पत्र आधी घ्या. ज्याचे तास पूर्ण झालेत म्हणालात, त्याला परत एकदा विचारा. त्याला काम येतं.

रेल्वेप्रेमी_डोंबिवली
आटगावचं मी म्हटलं ते बघा हं.

मुक्तछंदी_ठाणे
चार दिवसांनी लिहितेय. अर्ज दिला, सर सोबत आले. प्राचार्यांनी चाचण्या शिबिरानंतर घ्यायला सांगितल्यात, लेखी अजून मिळायचंय. आठपैकी सहा घरी जाऊन आले, चारजणींच्या सह्या झाल्या. एका काकूंनी चक्क दरवाजातूनच नाही म्हटलं, त्याचं वाईट वाटतंय. तास पूर्ण झालेला मुलगा येतोय, त्याच्यासोबत त्याचा भाऊही येणार होता, पण तो दुसऱ्या कॉलेजचा म्हणून सरांनी नाही म्हटलं. पावत्या जमा केल्या, पैसे अजून आले नाहीत. आकडा ३७.

पाडा तानसाच्या बाजूलाच आहे, आटगावलाच उतरतोय.

आता पोती हवीत. सिमेंटची रिकामी, फाटकी नकोत, साधारण ४०० लागतील. घोडबंदर रोडवर कोणाचं बांधकाम चालू असेल तर सांगा, आम्ही येऊन नेऊ.

कळवेकर_मामा
माझ्या मेव्हण्याची साइट आहे कासारवडवलीला. दीडशे तरी निघतील. रविवारी सकाळी या, दाभणं माझ्याकडे आहेत, तीसुद्धा घेऊन जा.