अनुभव धागा: परकं माणूस आपलं कधी झालं?

सांगलीत विश्रामबागेत राहायला आले तेव्हापासून घराची किल्ली समोरच्या काकूंकडे ठेवते. रोजची दोन वाक्यं. दोन वर्षांनी लक्षात आलं, आईला सांगत नाही ते मी त्यांना सांगते. वरच्या मजल्यावर माझ्याच वयाची, माझ्याच बँकेतली एकजण आहे; तिच्याशी अजून "बरंय ना?"च्या पुढे गाडी नाही. फेस्टिंगर, शॅक्टर आणि बॅक या संशोधकांनी १९५० साली अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या वसाहतीबद्दल हेच मांडलं होतं: लगतच्या दारांतले ४१ टक्के एकमेकांचे जवळचे मित्र, मजल्याच्या दोन टोकांचे १० टक्केच. पण दार लगत असलेल्या सगळ्यांशी कुठे जमतं? तुमचं कसं जमलं, लिहा.

गावभाग, सांगली
आमचं दारच आड आलं होतं. शेजारच्या वहिनींशी नळावरून चार वर्षं अबोला. २०१९च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली आणि आम्ही एकाच शाळेच्या एकाच वर्गात, सतरंजीला सतरंजी लावून. तिसऱ्या रात्री अंधारात त्या म्हणाल्या, "माझ्या पाटल्या गहाण आहेत. ह्यांना माहीत नाही." धीर द्यायला शब्द सुचेनात. थोरल्याची दहावी राहिली होती, ते नातेवाइकांपासून लपवलं होतं. तेच सांगून टाकलं. पूर ओसरल्यावर आधी त्यांच्या घरातला चिखल काढला, मग आमच्या. पाटल्या सुटल्या तेव्हा पेढा पहिला माझ्या हातावर.

मिरज
ताई, तुम्ही सल्ला न देता स्वतःचं सांगितलंत, तिथेच जुळलं. मानसशास्त्रज्ञ आर्थर आरन यांच्या १९९७च्या प्रयोगात अनोळखी जोड्यांना ३६ प्रश्न दिले होते, वरवरच्यापासून हळूहळू खोल जाणारे, आणि उत्तरं दोघांनीही द्यायची. पाऊण तासात जवळीक वाढली. एकट्यानेच मन मोकळं केलं तर दुसरा नुसता श्रोता राहतो. माझ्या एका मैत्रीत तेच झालं. मी ऐकत राहिले, ती दुरावली.

सांगली
आमचं लग्न ठरवून झालेलं. बायको नर्स, रात्रपाळी संपली की मिरजेहून मोटारसायकलवर आणायचो. मागे बसली की बोलायची: वॉर्डातलं, माहेरचं, एकदा गेलेल्या बाळाबद्दलही. घरी समोरासमोर मात्र गप्प. तोंडाकडे बघायचं नसलं की तिला सोपं जात असावं. मग मी हरिपूरवरून, संगमाच्या बाजूने लांबून यायला लागलो. कार घेतली आणि ते बोलणं थांबलं. आता रविवारी मोटारसायकलच काढतो.