वाडीवरची मंडळी : मिल्टन आणि मुग्धाचं टँपा

मंगळवार, ८ ऑक्टोबर २०२४

सुधाकाका, ७.१२ : शुभ सकाळ 🙏 आताच एक फॉरवर्ड आलाय. अमेरिकेत ताशी ६०० किलोमीटरचं वादळ, फ्लोरिडा पाण्याखाली जाणार. मुग्धा, खरं का गं?

माई, ७.१४ : भाऊजी, असलं काही सकाळी सकाळी टाकू नका हो. मला रात्रभर झोप नाही.

मुग्धा, ७.३१ : काका, ६०० नाही. आमच्याकडे अजून सोमवारची रात्र आहे; आज दुपारी वारा २९० पर्यंत गेला होता, तोही भर समुद्रात. पण वेग बघा. शनिवारी त्याला मिल्टन हे नाव मिळालं, रविवारी हरिकेन झालं, सोमवारी थेट पाचवी, म्हणजे सगळ्यात वरची श्रेणी. मेक्सिकोच्या आखाताचं पाणी तापलेलं आहे, वादळाला खाद्यच तेवढं.

माई, ७.३३ : तू आजच्या आज इकडे निघून ये.

निखिल, ७.३४ : माईकाकू, फ्लोरिडातल्या तिच्या टँपाचा विमानतळ त्यांच्या उद्या सकाळी बंद होतोय.

सुधाकाका, ७.४० : पण इथे लिहिलंय की किनाऱ्याला येईपर्यंत तिसऱ्या श्रेणीवर उतरेल. मग एवढं घाबरायचं काय?

मुग्धा, ७.५२ : काका, ती श्रेणी फक्त वाऱ्याची. पाणी किती चढेल, पाऊस किती पडेल, यातलं काहीच त्या आकड्यात नसतं. वारा मंदावला तरी वादळ आडवं पसरतं आणि आधी ढकललेलं पाणी थोडंच मागे जातं? दीड आठवड्यापूर्वीचं हेलीन वादळ आमच्यापासून शंभरावर मैल लांबून गेलं, तरी टँपाच्या खाडीत सहा-सात फूट पाणी चढलं. लोकांनी बाहेर काढून ठेवलेले भिजके सोफे, गाद्या, फ्रिज अजून रस्त्याच्या कडेला पडून आहेत. आता वारा आला की ते सगळं उडणार. आणि या वेळी दहा ते पंधरा फुटांचा अंदाज आहे.

माई, ७.५३ : पंधरा फूट??

मुग्धा, ७.५५ : आई, मी घरी थांबत नाहीये. पाणी चढायच्या धोक्यानुसार इथे झोन पाडलेत. आमचं घर बी झोनमध्ये, ए आणि बी दोन्ही रिकामे करायला सांगितलेत. महापौरबाई टीव्हीवर सरळ म्हणाल्या, इथे थांबलात तर मराल.

निखिल, ७.५८ : ताई, जॉर्जियाला वगैरे जातेस का?

मुग्धा, ८.०३ : नाही रे. हायवेवर मुंगीच्या पावलाने गाड्या, पंपांवर पेट्रोल संपलंय. ब्रँडनला मैत्रिणीकडे जातेय, झोनच्या बाहेर. इथे म्हणतात, पाण्यापासून पळा, वाऱ्यापासून लपा. शेकडो मैल जायचं कारण नाही.

सुधाकाका, ८.१० : जाण्याआधी खिडक्यांना फुलीसारख्या चिकटपट्ट्या लाव. आमच्या लहानपणी युद्धाच्या वेळी लावायचे.

मुग्धा, ८.१२ : काका, त्याचा उपयोग नसतो. काच फुटायची ती फुटतेच, उलट मोठाले तुकडे येतात. प्लायवूड ठोकलंय.

श्रीवर्धनची आत्या, ९.२० : आत्ता वाचलं सगळं. वाडीत होते. मुग्धे, तुझं झोनबिन मला कळत नाही, पण निघतेस ते बरं करतेस. ३ जून २०२० विसरले नाही मी. निसर्ग चक्रीवादळ दुपारी आलं. आधी वारा एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने. पोफळी काडीसारख्या मोडत होत्या, कौलं पत्त्यांसारखी उडत होती. आणि टीव्हीवर काय, तर मुंबई वाचली! वाचली ती वाचली, आनंदच आहे. पण वादळ गेलं कुठे, हे कोण विचारत होतं? आम्हीच का ते देवाला मागून घेतलं होतं? रोठ्याचं नवं झाड लावलं तर सुपारी धरायला सहा-सात वर्षं. अजून वाडी भकास दिसते.

निखिल, ९.३१ : आत्या, मुंबई का वाचली त्याचं कारण आहे. आपल्या गोलार्धात चक्रीवादळाचा वारा घड्याळाच्या उलटा फिरतो. वादळाचा डोळा, म्हणजे मध्य, अलिबागच्या खाली जमिनीवर आला. मुंबई त्याच्या उत्तरेला, तिथे वारा जमिनीकडून समुद्राकडे. तुम्ही दक्षिणेला, तुमच्यावर समुद्राचा वारा सरळ.

मुग्धा, ९.३६ : अगदी हेच! टँपाचंही यावरच अडलंय. डोळा खाडीच्या उत्तरेला गेला तर पाणी खाडीत कोंबलं जाणार, दक्षिणेला गेला तर उलट बाहेर ओढलं जाणार. वीस-पंचवीस मैलांचा फरक, आणि तो शेवटच्या काही तासांपर्यंत सांगता येत नाही. म्हणून नकाशावरची मधली रेघ बघू नका. तो पांढरा पट्टा फक्त मध्य कुठून जाईल याचा अंदाज असतो, वादळ त्याच्या कितीतरी बाहेर असतं.

श्रीवर्धनची आत्या, ९.४४ : ते असो. पाणी भरलंस का? आमच्याकडे विहीर तुडुंब आणि पंपाला वीज नाही. महिनाभर अंधार. शेवटी रहाट-दोर शोधला.

मुग्धा, ९.४८ : माणशी रोजचे चार लिटर पिण्याचे, आठवड्याचे घेतलेत. मैत्रिणीचा बाथटब भरून ठेवणार, फ्लशसाठी. फ्रीजरमध्ये बाटल्या गोठवल्यात. आणि घरच्या फ्रीजरमध्ये पेलाभर बर्फावर एक नाणं ठेवलंय. परत आल्यावर नाणं तळाशी दिसलं तर मधे सगळं वितळलं होतं, अन्न फेकायचं.

सुधाकाका, ९.५० : हे नाण्याचं भारी आहे. जनरेटर आहे ना त्यांच्याकडे?

मुग्धा, ९.५३ : आहे, पण गॅरेजमध्ये लावायचा नाही. घरापासून वीस फूट लांब. धुराने घरात झोपलेली माणसं जातात, वादळानंतर दर वेळी.

श्रीवर्धनची आत्या, ९.५५ : पातळ पोहे ने. शेगडी नसली तरी दडपे होतात.

गुरुवार, १० ऑक्टोबर

माई, ५.५० : मुग्धा?

माई, ६.२५ : मुग्धा फोन उचल.

मुग्धा, ७.०५ : ठीक. लाइट गेले. डोळा सिएस्टा कीजवळ, आमच्या दक्षिणेला. वारा फार आहे. नंतर बोलते.

माई, ७.०६ : देवा रे. 🙏

मुग्धा, १७.४२ : सगळे सुखरूप. खाडीतलं पाणी खरंच बाहेर ओढलं गेलं, तळ दिसत होता म्हणे. पण सेंट पीटर्सबर्गला १८ इंच पाऊस, म्हणजे साडेचारशे मिलिमीटर. तिथल्या बेसबॉल स्टेडियमचं छप्पर फाटलं. आणि पार पूर्व किनाऱ्यावर डोळा जमिनीवर यायच्या आधीच टोर्नेडोंनी सहा माणसं गेली. राज्यात तीस लाखांवर ग्राहकांची वीज गेलीय.

सुधाकाका, १७.५० : म्हणजे पंधरा फूट पाणी आलंच नाही. उगाच घर सोडलंस.

श्रीवर्धनची आत्या, १७.५८ : सुधा, निसर्गच्या आदल्या रात्री मीही हेच म्हणत होते. म्हटलं, साठ वर्षांत हलले नाही, आता काय हलायचं. शाळेत नेलं ते जवळजवळ उचलूनच. परत आले तर माजघराच्या पलंगावर वाशांसकट आंब्याची फांदी. तिथेच झोपते मी.

सुधाकाका, १८.०३ : हे तू कधी सांगितलं नव्हतंस.

श्रीवर्धनची आत्या, १८.०४ : कोण विचारत होतं.

माई, १८.०६ : वन्सं, तुमच्याकडे येते दिवाळीत. मुग्धा, लाइट आले का?

मुग्धा, १८.११ : नाही. फोन ९ टक्के. दडपे पोहे झाले, नारळ मिळाला नाही.