फोटोत एकटे गेट्स का?

नाना (बी-२०१): सकाळी 'मायक्रोसॉफ्टची ५० वर्षं' हा मेसेज आला, त्यात एकट्या बिल गेट्सचा फोटो. कंपनी काढणारे दुसरे, पॉल अ‍ॅलन कुठे गेले? पोरं हेच खरं धरतील भो.

भाऊ (ए-३०३): नाना, अ‍ॅलन १९८३ लाच बाहेर पडले. विंडोज १९८५ चं, ऑफिस त्याच्याही नंतरचं. २००० पर्यंत सीईओ गेट्सच होते. आठ वर्षांत गेलेल्या माणसाला किती श्रेय द्यायचं?

ताई (सी-४०४): त्या आठ वर्षांत काय झालं ते बघा ना भाऊ. जानेवारी १९७५ च्या मासिकात अल्टेअर कॉम्प्युटर छापून आला, तो अ‍ॅलननी पाहिला आणि अंक घेऊन गेट्सकडे पळाले. यांच्याकडे ते मशीनच नव्हतं! मग अ‍ॅलननी हार्वर्डच्या मोठ्या कॉम्प्युटरवर अल्टेअरच्या चिपसारखा चालणारा प्रोग्राम लिहिला, त्यावर अल्टेअरसाठीची बेसिक ही प्रोग्रामिंगची भाषा तपासत गेले. दाखवायला अल्टेअरच्या कंपनीकडे अल्बुकर्कीला निघाले तर विमानात लक्षात आलं, बेसिक मशीनमध्ये चढवणारा छोटा प्रोग्राम लिहायचाच राहिलाय. तो विमान उतरायच्या आत लिहिला, तिथे जाऊन मशीनवरच्या खटक्यांनी भरला. २ अधिक २ विचारलं, ४ आलं. ते आलं नसतं तर कंपनी कुठली?

भाऊ: मान्य. पण बेसिकचा बराचसा भाग गेट्सनी लिहिला. आणि आयबीएम या कॉम्प्युटर कंपनीला डॉस, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी मूळ सिस्टीम, देताना हक्क स्वतःकडे ठेवले, म्हणून ते बाकीच्या कंपन्यांनाही विकता आलं. खरा पैसा तिथून आला.

ताई: ते डोकं गेट्सचंच, वादच नाही. पण डॉस आलं कुठून? सिएटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्सकडून. त्यांच्याशी बोलणं अ‍ॅलनचं. १९८१ मध्ये ५० हजार डॉलरला हक्क विकत घेतले. ते हातात नसतं तर आयबीएमला दिलं काय असतं?

नाना: 👍

आबा (ए-१०४): एमआयडीसीतल्या दालमिलवाल्यांच्या भागीदारीचे हिशेब मी केलेत. भागीदार निघतो तेव्हा नुसती यंत्रं आणि माल मोजत नाहीत, गुडविलही काढतात. तो गेल्यावरही त्याच्या कामामुळे नफा येत राहणार, त्याची ती किंमत.

भाऊ: मग आबा, अ‍ॅलनना ती मिळाली की. गेट्सनी ५ डॉलरने शेअर मागितले, यांनी १० सांगितले, जमलं नाही. शेअर यांच्याकडेच राहिले आणि अब्जाधीश झाले. हिशेब चुकता!

ताई: पैशाचा चुकता झाला भाऊ, नावाचा कुठे झाला? कॅन्सर झालेला असताना तो माणूस बाहेर पडला. कंपनीत कंटाळून गेलेल्यांत त्याला धरू नका. आणि वाटा आधी ६०-४०, मग ६४-३६ ठरला होता. कमी वाटा मिळाला तरी ३६ टक्के म्हणजे एक तृतीयांशाच्या वर, आणि तो खुद्द गेट्सनी मान्य केलेला.

आबा: १९८३ पर्यंतचं ६४-३६ धरा. पुढचं बहुतेक गेट्सचं, पण डॉसवर जे उभं राहिलं त्यात अ‍ॅलनचा वाटा कापू नका.

भाऊ: डॉसपर्यंत ठीक आबा. विंडोज आणि ऑफिसला मात्र मी अ‍ॅलनचं नाव लावणार नाही.

ताई: ते मीही लावत नाही.