सर्व्हरचा ‘लोकल’ दोष: ‘स्थानिक’ म्हणावं का?

रामबाग, इंदूर: आमच्या वाचनालयाचं संकेतस्थळ सांभाळणाऱ्या मुलांसाठी मराठीत सूचना लिहितोय. डेबियन-उबुंटू या लिनक्स प्रणालींच्या एनजिनएक्स (वेबसर्व्हर) पॅकेजमध्ये २०१६ साली सापडलेल्या दोषाला ‘लोकल’ म्हणतात. मी ‘स्थानिक दोष’ लिहिलं, तर समितीतल्या काकूंनी विचारलं, “म्हणजे फक्त इंदूरच्या सर्व्हरला का?” रोज हिंदी पेपरात ‘स्थानीय समाचार’ वाचणाऱ्याला दुसरं काय वाटणार! शब्द सुचवा.

स्नेहलतागंज: काकूंची शंका रास्त आहे. इथे ‘लोकल’चा गावाशी संबंध नाही. हल्लेखोराला त्या यंत्रावर आधीच काहीतरी चालवता येत असलं पाहिजे, एवढाच अर्थ. त्या पॅकेजमध्ये लॉगचं (सर्व्हरच्या नोंदींचं) फोल्डर वेबसर्व्हरच्या साध्या खात्याच्या मालकीचं होतं. त्या खात्यात शिरलेला माणूस लॉग फाइल हटवून तिच्या जागी सिमलिंक, म्हणजे भलत्याच फाइलकडे नेणारी खूण, ठेवू शकायचा. मग लॉगरोटेट झालं (जुना लॉग बाजूला ठेवून नवा सुरू झाला) की रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी खात्याच्या, अधिकाराने चालणारी मुख्य प्रोसेस लॉग पुन्हा उघडायची, सिमलिंकमागे जायची आणि तिथे तयार झालेली फाइल त्या साध्या खात्याच्या नावावर करून द्यायची. तिथून रूट होणं अवघड नव्हतं. मला ‘घरभेदी दोष’ चपखल वाटतो.

सुदामानगर: घरभेदी नको, दादा. घरभेदी म्हणजे आपलाच माणूस फितूर झालेला. इथे बहुधा परकाच कुठल्यातरी कच्च्या अपलोड फॉर्ममधून त्या खात्यात शिरतो. शेअर्ड होस्टिंगवर (एकाच सर्व्हरवर अनेकांची संकेतस्थळं) तर शेजारच्या खातेदारावर उगाच आळ यायचा. चूक फोल्डरच्या मालकीत होती, माणसांत नव्हे.

रामबाग: पटलं. पण ‘लोकल फाइल इन्क्लूजन’, म्हणजे संकेतस्थळाला सर्व्हरवरची भलती फाइल उघडायला लावणं, ते तर लांबून होतं ना?

स्नेहलतागंज: तिथे ‘लोकल’ हे फाइलचं विशेषण आहे, हल्लेखोराचं नाही. फाइल सर्व्हरवरची, माणूस जगात कुठलाही. ऑक्टोबर २०२१ मधला अपाची या दुसऱ्या वेबसर्व्हरच्या २.४.४९ आवृत्तीचा दोषही असाच लांबून साधणारा: पत्त्यात ‘../’ (एक फोल्डर वर जा) सांकेतिक रूपात पेरून वेबच्या फोल्डरबाहेरच्या फाइली वाचता यायच्या. २.४.५० ची दुरुस्ती अपुरी पडली, २.४.५१ आणावी लागली. एनजिनएक्स आणि अपाची दोन्हीकडे ‘स्थानिक’ लिहिलंत तर वाचणारा म्हणेल, “आत कोणी नाही, मग घाई कशाला?” आणि अपाची तसाच उघडा राहील.

रामबाग: मग एका शब्दाचा हट्ट सोडतो. ‘सर्व्हरवर आधीच शिरकाव झालेल्याला रूट होऊ देणारा दोष. लॉग फोल्डरची मालकी तपासा.’

सुदामानगर: ‘मालकी रूटचीच हवी’ हेही घाला. नुसतं तपासून काय बघायचं ते त्यांना कसं कळणार?