‘वृक्षवल्ली’ आणि ‘शब्दचि हा देव’ : तुकोबांच्या या दोन अभंगांचा मेळ कसा लावावा?

गाथावाचक : सध्या तुकोबांची गाथा पहिल्यापासून वाचतो आहे. ‘वृक्षवल्ली आम्हां सोयरीं वनचरें’ या अभंगात ते माणसांपासून दूर, एकांतात रमलेले दिसतात. ‘आम्हां घरीं धन शब्दाचींच रत्नें’ या अभंगात मात्र तेच शब्दांचे धन ‘जनलोकां’ वाटायला निघालेले आहेत आणि शेवटी ‘शब्दचि हा देव’ असे म्हणतात. ज्याला एकांताचा वास इतका रुचतो, त्याने शब्दाला देव का मानावे? देहूतील त्यांच्या वाढीत याचे मूळ सापडते का? जाणकारांनी कृपया लिहावे.

इंद्रायणीकाठ : मूळ घरातच आहे, असे मला वाटते. तुकोबांचे घराणे महाजनकीचे होते. शेती, वाण्याचा व्यवसाय आणि सावकारी सांभाळणाऱ्या त्या घरात विठ्ठलाची उपासना पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. थोरले बंधू सावजी विरक्त असल्यामुळे व्यवहाराचा भार तुकोबांवर लहान वयातच पडला. पुढे आईवडील गेले, आणि १६३०च्या सुमारास पडलेल्या दुष्काळाने काय केले ते त्यांनी स्वतःच सांगून ठेवले आहे : ‘दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली.’ हा चरण वाचल्यानंतर ‘आम्हां घरीं धन’ हे शब्द पुन्हा वाचून पाहावेत. ज्या घरातले द्रव्य खरोखरच आटले, त्याच घरातला माणूस आपल्याकडे धन असल्याचे सांगतो आणि तेही वाटायला काढतो. वाण्याच्या घरात वाढलेल्यालाच ही भाषा इतकी सहज सुचावी. कर्जखतांतील आपल्या वाट्याचे कागद त्यांनी इंद्रायणीत सोडले आणि पुढे त्यांच्या अभंगांच्या वह्याही त्याच नदीत बुडवल्या गेल्या, असे परंपरा सांगते. त्यांतल्या वह्याच तेवढ्या परत आल्या, अशी श्रद्धा आहे.

भंडाऱ्याची वाट : वरील उत्तराशी सहमत आहे, मात्र ‘सोयरीं’ या शब्दाकडे दुर्लक्ष होऊ नये. सोयरीक माणसांत होते. ज्याच्या घरातली माणसे गेली, तो झाडावेलींशी नाते जोडतो, तेव्हा त्याला मी निसर्गप्रेम एवढेच म्हणणार नाही. शिवाय भंडारा, भामचंद्र, घोराडेश्वर या डोंगरांवर तुकोबा मौन धरायला जात नव्हते. ‘कांहीं पाठ केलीं संतांचीं उत्तरें । विश्वासें आदरें करोनियां’ असे ते सांगतात, आणि त्या पाठांतराला एकांत हवा होता. ‘वृक्षवल्ली’तही पक्षी सुस्वर आळवीत आहेत, हरिकथेचे भोजन चालले आहे, आणि शेवट तर ‘तुका म्हणे होय मनासी संवाद । आपुलाचि वाद आपणांसी’ असा आहे. म्हणजे शब्द रानातही त्यांच्यासोबत आहेतच.

गाथावाचक : दोघांचेही मनापासून आभार. ‘वृक्षवल्ली’ मी आजवर प्रसन्न चालीत ऐकत आलो, त्यामुळे शेवटच्या चरणातला ‘वाद’ माझ्या कानांवरून निसटून जात होता. आता दुष्काळाचा अभंग आधी वाचून मग त्याकडे वळेन.