स्टेकसाठी सिरॅमिक ग्रिल : १३ इंची, १८ इंची की थेट २४?

अर्धकच्चा

मंडळी, सल्ला हवाय. अंड्याच्या आकाराचं सिरॅमिक ग्रिल, म्हणजे कमाडो, घ्यायचं पक्कं केलंय. अडलंय ते मापावर. घरात आम्ही दोघंच. सुट्टीच्या आदल्या रात्री दोन स्टेक, चांगले दीड इंच जाड, एवढाच नेहमीचा बेत. पण अधूनमधून सहा-आठ माणसं जेवायला असतात. तेव्हा पहिल्या खेपेचे ताट पुसून बसलेत आणि शेवटचे अजून वाट बघताहेत, असं नको.

बायको म्हणते लहान घे, जागा अडवू नकोस. भाऊ म्हणतो घ्यायचंच तर सगळ्यात मोठं घे. सध्या गॅसच्या ग्रिलवर भाजतो. आतून नीट होतं, पण वरून ती गडद खरपूस साल काही धरत नाही. बारा-बारा तास धुरी देण्याचे उद्योग मी करणार नाही, फक्त स्टेक. माप कशावरून ठरवायचं?

खरपूसताई

माझ्याकडे १३ इंची आणि १८ इंची दोन्ही आहेत, २४ इंचीवर मैत्रिणीकडे पुष्कळदा भाजलंय. तेव्हा थोडं सविस्तर लिहिते.

पाहुण्यांची डोकी मोजत बसू नका. जाळीवर एका वेळी किती तुकडे मोकळे बसतात ते बघा. मोकळे म्हणजे मध्ये दोन बोटं जागा हवी. स्टेक एकमेकांना चिकटले की मधली वाफ कोंडते आणि कडा भाजायच्या ऐवजी उकडतात. पसरलेल्या पंजाएवढा रिबआय (बरगडीकडच्या मांसाचा स्टेक) धरला तर १३ इंचीवर दोन बसतात, तिसरा घुसवावा लागतो. १८ इंचीवर चार ऐसपैस, २४ इंचीवर आठ.

व्यासाच्या आकड्यावर जाऊ नका, तो फसवतो. १३ इंची जाळीचं क्षेत्रफळ साधारण १३३ चौरस इंच, १८ इंचीचं २५४, २४ इंचीचं ४५२. म्हणजे १८ इंचीची अर्धी जाळी ही जवळजवळ १३ इंचीची पूर्ण जाळी. जाड स्टेकसाठी हाच हिशोब कामाचा, कारण तुम्हाला एक बाजू मंद आणि एक बाजू कडक लागणार. अर्ध्या भागात कोळशाच्या वर सिरॅमिकची अर्धगोल पाटी ठेवायची, म्हणजे तिथे थेट धग लागत नाही. उरलेला अर्धा उघडा. लहान ग्रिलमध्ये अशी वाटणी करून बघितली. होते, पण दोन्हीकडे एकेकच तुकडा मावतो.

आता तुमचे आठ पाहुणे. दीड इंची स्टेक थेट निखाऱ्यावर टाकला तर वरून काळा आणि आत गार. म्हणून उलट्या क्रमानं जायचं. आधी पूर्ण पाटी घालून, झाकण लावून, ११० ते १२० अंशांवर सगळे स्टेक एकदम मंद होऊ द्यायचे. १८ इंचीत वरखाली दोन जाळ्या लावल्या की आठही मावतात. आतलं तापमान ४६-४८ अंशांवर आलं की बाहेर काढून ठेवायचे. मग पाटी काढायची (जाड हातमोजे!), खालची आणि वरची झडप पूर्ण उघडायची आणि धग ३०० अंशांच्या वर जाऊ द्यायची. याला दहा-पंधरा मिनिटं लागतात, तेवढ्यात स्टेकही निवांत होतात. पृष्ठभाग कागदानं कोरडा टिपून घ्या, नाहीतर पहिली धग पाणी उडवण्यातच जाते. नंतर चार-चारच्या दोन खेपा, प्रत्येक बाजू दीड-दोन मिनिटं. दोन्ही खेपांत मिळून दहा मिनिटं सुद्धा जात नाहीत. वेळखाऊ काम सगळ्यांचं एकत्र झालेलं असतं, त्यामुळे आठ माणसांसाठी आठ स्टेकची जाळी लागतच नाही.

२४ इंचीबद्दल माझी तक्रार वेगळी आहे. दोघांसाठी दोन स्टेक करायचे तर एवढं मोठं पोट तापवायचं. कोळसा कमी घातला की ढीग तळाशी बसतो, जाळी लांब राहते आणि साल धरत नाही. म्हणजे पुन्हा तुमचं गॅसवालंच दुखणं. मधोमध आडपडदा असलेली कोळशाची टोपली मिळते, तिनं काम भागतं, पण दर आठवड्याला ती कसरत कशाला?

माझं मत १८ इंची. आणि नावावर जाऊ नका. बिग ग्रीन एग कंपनीचं ‘लार्ज’ आणि कमाडो जो कंपनीचं ‘क्लासिक’ दोन्ही साधारण १८ इंचीच. काही जण बाहेरच्या अंगाचा व्यास छापतात. विचारायचं ते जाळीचं माप.

कोळसेबहाद्दर

ताईंचं गणित बिनचूक, पण निष्कर्ष मला पटत नाही. वर्षातल्या बहुतेक रात्री हा माणूस दोन स्टेक भाजणार आहे. त्याला १३ इंचीसारखं सुख नाही. निखारे जाळीच्या जवळ असतात, मूठ-दोन मूठ कोळशात काम होतं, मोठ्यापेक्षा लवकर तापतं आणि लवकर निवतं. सिरॅमिक एकदा तापलं की उतरायला वेळ खातं हे विसरू नका. मोठ्या ग्रिलमध्ये धग हाताबाहेर गेली की खाली यायची वाट बघत बसावं लागतं.

पाहुण्यांचं म्हणाल तर घरात गॅसचं ग्रिल आहेच की! आठही स्टेक त्यावर मंद आचेवर आणा, आणि शेवटची साल तेवढी कमाडोवर धरा. बायको खूश, जागा वाचली.

एक उणीव मान्य. टोमाहॉक, म्हणजे लांब हाडासकटचा स्टेक, आवडत असेल तर लहान घेऊ नका. हाड बाहेर येतं, झाकण बसत नाही, आणि झाकण उघडं राहिलं की हवा सुटून सगळाच कोळसा पेटतो.

खरपूसताई

@कोळसेबहाद्दर, गॅसची युक्ती चांगली आहे. पण दोन-दोनच्या चार खेपा होतील, आणि नेमकं तेच त्यांना नकोय. शिवाय प्रत्येक खेपेला चरबी गळून ज्वाळा उठतात. लहान ग्रिलमध्ये तुकडा सरकवायला कोपरा नसतो. १८ इंचीत चिमट्यानं बाजूला घेतला की झालं.

कोळशाच्या बचतीचं म्हणाल तर दोन्ही झडपा बंद केल्या की निखारे विझतात, उरलेला कोळसा पुढच्या वेळी राख झटकून वापरता येतो. मोठे ओबडधोबड तुकडे घ्या, दाबून केलेल्या वड्या नकोत. त्यांची राख फार होते आणि हवेची वाट अडते.

अर्धकच्चा

दोघांचे आभार. अर्धी जाळी म्हणजे अख्खी लहान जाळी, हे बायकोला कागदावर आकृती काढून दाखवलं. तिनं १८ इंचीला होकार दिला, फक्त ‘ते उचलणार कोण’ असं विचारलं. मागच्या अंगणात लाकडी टेबल आहे, त्यात बसवायचा विचार आहे. चालेल ना? आणि टोमाहॉक मला आवडतो, हे आधी लिहायचं राहिलं.

कोळसेबहाद्दर

टोमाहॉक आवडतो म्हणताय, मग मी माघार घेतो.

१८ इंची ‘लार्ज’चं वजन सुमारे ७३ किलो असतं. आतली कोळशाची भांडी आणि कडी आधी काढून ठेवा, मग दोघांनी उचला. बाजूच्या फळ्यांना धरून उचलू नका, त्या त्यासाठी नसतात. लाकडी टेबलावर थेट ठेवायचं नाही, खाली दगडी लादी आणि हवा खेळायला फट हवी. बंदिस्त जागेत किंवा घरात कधीही पेटवू नका, कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड वासानं कळत नाही.

खरपूसताई

आणि एक राहिलं. धग चढलेली असताना झाकण झटकन उघडू नका. आत हवा कमी पडलेली असते, ती एकदम मिळाली की आगीचा भपका थेट तोंडावर येतो. आधी दोन इंच उचला, क्षणभर थांबा, हवा आत जाऊ द्या, मग हळूहळू पूर्ण उघडा. पहिल्या दिवसापासून ही सवय लावा, बायकोलाही दाखवून ठेवा.